दाराआडचा हात

अशरफ: बाजारातून काय आणलंस ते मी विचारत नाही. डबा कुठं आहे, ते विचारतोय.

बानू: कुठला डबा?

अशरफ: तीन कप्प्यांचा. ज्यातून मी ऑफिसला जेवण न्यायचो.

बानू: तुम्ही तर आता कँटीनमध्ये जेवता. आज डब्याची बरी आठवण झाली! आणि भरदुपारी घरी कसे? अंग गरम आहे काय? बघू.

अशरफ: हात लावू नकोस. हा अबाया कुणाचा?

बानू: शेजारच्या नूरीचा. बाहेर जाताना मागून घेतला.

अशरफ: लग्न होऊन इथं कुवेतला आलीस तेव्हापासून तू कधी अबाया घातला नाहीस. म्हणायचीस, आम्हां बाणकोटच्या बायकांना पदर पुरतो.

बानू: इथं धूळ उडते.

अशरफ: धूळ काय आता उडायला लागली?

बानू: पोर्टात मालाची पोती मोजता तसे माझ्याशी बोलू नका. मनात काय आहे ते सरळ विचारा.

अशरफ: सरळ विचारतो. शर्क मोहल्ल्यात, मासळीबाजाराच्या मागं, जुनी मातीची घरं आहेत. त्यातल्या एका घराचं दार तू वाजवलंस. दार जरासं उघडलं. आतून एक हात आला, त्यानं डबा घेतला, आणि तू आत गेलीस. तो हात कुणाचा?

बानू: तुम्ही माझ्या मागं आलात?

अशरफ: हात कुणाचा, बानू?

बानू: ड्युटी सोडून? चोरासारखे, भिंतीच्या आडोशानं?

अशरफ: तब्येतीचं कारण सांगून निघालो. हो, भिंतीच्या आडोशानंच.

बानू: मग दार का नाही वाजवलंत? समोर यायचं होतं. मी तिथंच होते.

अशरफ: आत कोण निघेल या भीतीनं मी मागं फिरलो. तेव्हापासून या खुर्चीवर बसलोय.

बानू: बसून काय ठरवलंत?

अशरफ: तुला मुंबईच्या बोटीत बसवून द्यायचं. तुझ्या अब्बांकडं.

बानू: मला एक शब्द न विचारता?

अशरफ: आता विचारतोच आहे ना!

बानू: शिक्षा ठरवून मग विचारताय. गेल्या जुम्म्याला क्लबात तो सिनेमा बघून आलात, तेव्हापासून तुम्ही जेवताना मान वर करत नाही. मला वाटलं ऑफिसात काही बोलणी बसली. कसला सिनेमा होता तो?

अशरफ: कोरियन.

बानू: म्हणजे कुठला?

अशरफ: कोरिया देशाचा. पोर्टात बोट लागली होती, तिच्यावरच्या एका कोरियन इंजिनियरनं क्लबाला बघायला दिला. भाषा कुणालाच कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरंही नव्हती. तशी गरजही पडली नाही. त्यात कुणी फारसं बोलतच नव्हतं.

बानू: न बोलता सिनेमा?

अशरफ: एक बाई होती. नवरा कारखान्यात कारकून. बर्फ पडलेलं गाव. ती नुसती स्वयंपाक करायची. मुळा चिरायची, भाताच्या भांड्याचं झाकण काढून वाफ तोंडावर घ्यायची. पितळेच्या वाडग्यात भात भरायची, वाडगा गोधडीखाली ठेवायची, गार होऊ नये म्हणून. नवरा कामावर गेला की तोच वाडगा फडक्यात बांधून बर्फातून कुठंतरी घेऊन जायची. रोज.

बानू: कुणाला द्यायची?

अशरफ: तेच तर कळलं नाही. नवऱ्याला संशय आला. तो काही बोलला नाही. एक दिवस तिच्या मागं गेला. गावाबाहेर एक घर, तिनं दार वाजवलं, आतून हात आला. आणि सिनेमा संपला.

बानू: संपला?

अशरफ: शेवटचं रीळ बोटीवरच राहिलं. पेट्या बघितल्या तेव्हा कळलं. तोवर बोट गेली होती.

बानू: मग सगळे काय म्हणाले?

अशरफ: हसले. उस्मान म्हणाला, शेवट बघायला कशाला पाहिजे, बाई डबा घेऊन लपतछपत जाते म्हणजे दुसरं काय असणार. सगळ्या खुर्च्या हसत होत्या.

बानू: आणि तुम्ही?

अशरफ: मी हसलो नाही. मला ती बाई चांगली वाटली होती. ती भात भरताना ज्या तऱ्हेनं बोटानं कड पुसायची... वाईट बाई असं पुसणार नाही, असं मला वाटलं.

बानू: सिनेमातल्या परक्या बाईवर तुमचा एवढा विश्वास बसला!

अशरफ: मग घरी आलो तर तांदळाचा डबा तळाला गेलेला. दुसऱ्या दिवशी बघितलं, मोठं पातेलं कडेपर्यंत भरून शिजवलेलं, आणि ताटात आपल्या दोघांपुरतंच. तू म्हणालीस, नूरीच्या पोरांना दिलं. मी नूरीच्या नवऱ्याला सहज विचारलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

बानू: म्हणजे शेजारी विचारून झालं. आणखी कुणाला विचारलंत?

अशरफ: कुणाला नाही.

बानू: माझ्याकडं बघून सांगा.

अशरफ: उस्मानला बोललो. परवा. मला कुणाशी तरी बोलायला हवं होतं. मागं जाऊन बघ, असं त्यानंच सांगितलं.

बानू: उस्मानला! या अल्ला! त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता शर्कपासून फहाहीलपर्यंत आपल्या सगळ्या कोकणी घरांतून माझं नाव फिरत असेल. मिलादला बायका माझ्यापासून सरकून बसतील. मी कुठल्या तोंडानं जाऊ हो?

अशरफ: मग सांग ना! काही नसेल तर सांगून टाक.

बानू: मी कसम खाल्लीय.

अशरफ: कुणाची?

बानू: तुमची.

अशरफ: माझी? त्या माणसानं तुला माझी कसम घातली?

बानू: होय. त्यांना माहीत होतं, दुसरी कुठली कसम मी मोडेन, ही मोडणार नाही.

अशरफ: "त्यांना"? वयस्क आहे कुणी?

बानू: अल्ला मला माफ करो. तुमच्या अम्मीचे भाऊ आहेत ते. बदरुद्दीन मामू.

अशरफ: काहीतरी बोलू नकोस. मामू हिवाळ्यातच गेले. दुकान बंद करून बोटीनं देशाला गेले.

बानू: कुणी बघितलं त्यांना बोटीत चढताना?

अशरफ: ते स्वतः सांगून गेले.

बानू: तुम्ही गेला होता बंदरावर पोचवायला?

अशरफ: त्या दिवशी साहेबांची दावत होती. तुला ठाऊक आहे.

बानू: ठाऊक आहे. कोट मीच इस्त्री केला होता. ज्यानं तुम्हाला या मुलुखात आणलं, स्वतःच्या दुकानात झोपायला जागा दिली, पोर्टातल्या नोकरीसाठी पहिली पँट शिवून दिली, त्याला पोचवायला आपल्या घरातलं कुणी गेलं नाही. मीही नाही गेले. मी माझं नाव यातून काढत नाही.

अशरफ: पण ते घरी पोचले नाहीत, हे बाणकोटातून कुणीच कसं कळवलं नाही?

बानू: घरी त्यांनी येतो म्हणून सांगितलंच नव्हतं. असमा मामींना वाटतंय, ते इथं दुकानात शिवत बसलेत. आपल्याला वाटतंय, ते तिथं अंगणात बसलेत. आणि ते त्या खोलीत. तुम्ही तरी कुठं लिहून विचारलंत, मामू सुखरूप पोचले काय म्हणून?

अशरफ: नाही विचारलं.

बानू: त्यांचे डोळे गेलेत.

अशरफ: काय?

बानू: भर उन्हातला उजेड तेवढा कळतो, माणूस कळत नाही. दुकान त्यामुळंच गेलं. एका शेखाच्या भारी कापडाची कापणी चुकली. गावातून ते कुवेतचे दर्जी म्हणून मिरवत निघाले होते. आता कुणीतरी हाताला धरून बोटीतून उतरवायचं, हे त्यांना सोसवेना. बंदरापर्यंत गेले आणि परतले.

अशरफ: जायच्या आधी एकदा ते ऑफिसच्या फाटकाशी आले होते. भिंतीला हात लावून चालत होते. मी साहेबांबरोबर होतो. म्हटलं, आज नाही मामू, नंतर या. भिंत का धरलीय, ते मी विचारलं नाही.

बानू: त्याच्यानंतर ते ऑफिसाकडं फिरकले नाहीत.

अशरफ: तुला कसे सापडले?

बानू: मासळीबाजारात. कुणीतरी कोळ्याकडं झुबेदीची, आपल्या पापलेटाची, फेकायची डोकी मागत होतं. अरबी तोडकंमोडकं, पण मधेच तोंडून निघालं, "द्या रे बाबांनो, आमटीपुरती द्या." आपली बोली! वळून बघते तर मामू. मी हाक मारली तर म्हणतात, मी तो नव्हे, बाय. तुझी चूक होतेय. आणि लगबगीनं चालायला लागले. चालता चालता एका हातगाडीवर आपटले. मग मी त्यांचा हात धरला.

अशरफ: मला त्याच दिवशी सांगायला हवं होतंस.

बानू: त्यांनी माझ्यापुढं हात जोडले हो! मामासासऱ्यानं सुनेपुढं हात जोडले. म्हणाले, अशरफला कळलं तर मी या खोलीतूनही निघून जाईन, मग तुला सापडणार नाही. मी काय करायचं होतं? त्यांना उपाशी ठेवायचं की तुम्हाला फसवायचं? मी तुम्हाला फसवलं. आता पाठवा मला बोटीनं.

अशरफ: बानू...

बानू: आता माझं नाव घेऊ नका. उद्या जुम्मा आहे, सुट्टी आहे. उद्या माझ्याबरोबर चला. आणि उद्या तरी पुढून चला.

(दुसऱ्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजानंतर. शर्कमधल्या जुन्या मातीच्या घरातली खोली.)

बदरुद्दीन: ये बाय. दार लोटून घे, धूळ येते. आज काय आणलंस? नारळाच्या दुधाचा वास येतोय.

बानू: सांदणं केलीत, मामू. आणि मटण.

बदरुद्दीन: सांदणं! ईद हाय की काय आज? एवढा खटाटोप कशाला गो करतेस? एक भाकरी आणि सुकं पुरे व्हतं मला.

बानू: बसा. वाढते.

बदरुद्दीन: अशरफ बरा हाय ना? वेळेवर जेवतो ना?

बानू: जेवतात.

बदरुद्दीन: त्याला संशय नाय ना आला? बघ हां. त्याला कळता कामा नये. पोरगं मोठं झालंय. साहेब लोकांत ऊठबस हाय त्याची. मागे मी त्याच्या हापिसाच्या फाटकाशी गेलो, तर तो साहेबाबरोबर उभा. मला म्हणाला, नंतर या. मला आधी वाईट वाटलं. मग परत येताना तो इराणी रोटीवाला हसला आणि म्हणाला, चाचा, विजार उलटी घातलीय. शिवण बाहेर! ऐकलंस, बानू? जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि स्वतःची विजार उलटी. अशरफनं वळख दाखवली नाय तेच बरं झालं. साहेबाला काय सांगणार व्हता तो? हा माझा मामा, हा दर्जी हाय?

अशरफ: मी विजारीकडं बघितलंच नव्हतं, मामू.

बदरुद्दीन: कोण?

अशरफ: मी तुमच्याकडंच बघितलं नव्हतं.

बदरुद्दीन: बानू, तू कसम मोडलीस!

अशरफ: तिचा दोष नाही. मी मोडायला लावली.

बदरुद्दीन: कंदील असला तर विझव, बाय. माझ्या अंगावर धड सदरा नाय. असा बघू नको रे मला, अशरफ. भिंतीकडं तोंड कर.

अशरफ: दिवस आहे, मामू. कंदील नाही. तुम्हीच भिंतीकडं तोंड केलंय.

बदरुद्दीन: असू दे. मला असंच बसू दे.

अशरफ: मग मीही इथंच बसतो. दावतीला गेलो, पण बंदरावर आलो नाही. एक पत्र लिहून विचारलं नाही. तुम्ही इथं माशांची डोकी मागत फिरलात, आणि मी त्याच बाजारातून गाडीत बसून जात होतो. मला मारा तरी.

बदरुद्दीन: मारू? कुठं हायस तेच दिसत नाय, मारू कसा?

बानू: मामू, जेवण गार होतंय.

बदरुद्दीन: त्याच्यासमोर नाय जेवायचा मी. चाचपावं लागतं. सांडतं. तो बघेल.

बानू: त्यांनी बघायलाच पाहिजे. सांदण तुमच्या उजव्या हाताला आहे. मटण त्याच्या पलीकडं. पाणी डावीकडं. घ्या, माझ्यासाठी घ्या.

बदरुद्दीन: तुझा आवाज आज कडक हाय, बानू. रडली व्हतीस काय?

बानू: धुरानं.

बदरुद्दीन: रॉकेलच्या स्टोव्हला कुठला गो धूर?

बानू: खा तुम्ही.

अशरफ: मामू, दाराशेजारच्या भिंतीवर बलदियानं, म्युनिसिपालटीनं, लाल खूण केलीय. हे घर पाडणार आहेत. या ओळीतली सगळीच.

बदरुद्दीन: ठाऊक हाय. पलीकडलं पडलं तेव्हा माझ्या भातात माती आली. घरमालक सरकारचे पैसे घेऊन केव्हाच नव्या वस्तीत गेला. मला म्हणाला, पाडेपर्यंत राहा.

अशरफ: आणि पाडल्यावर?

बदरुद्दीन: दुसरं एखादं घर असेल, पाडायचं राहिलेलं.

अशरफ: आज माझ्याबरोबर घरी चला.

बदरुद्दीन: नको. तुझ्या घरी साहेब येतात, त्यांच्या बायका येतात. मी कोपऱ्यात बसून खोकणार. तुला माझी लाज वाटणार, आणि ती तू दाखवणार नाय. ते मला सोसणार नाय, अशरफ. इथं धूळ हाय, पण इथं मला कुणाला सोसावं लागत नाय.

अशरफ: लाज तर वाटतेच आहे. तुमची नाही. काल मी खुर्चीवर बसलो होतो तेव्हापासून मला स्वतःच्या हातांकडं बघवत नाही. तुम्ही आलात तर निदान ते हात कामाला लागतील.

बदरुद्दीन: मोठं बोलायला शिकलास.

अशरफ: सरकारी इस्पितळात डोळे दाखवू. मोतीबिंदू असेल तर काढतात म्हणे. नसेल तर नसेल. मग तुम्हाला पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा. इथं राहायचं तर इथं, बाणकोटला जायचं तर मी बोटीतून बरोबर येईन.

बदरुद्दीन: असमाला काय कळवू नको. एवढं माझं ऐक.

बानू: मामींना कळवायलाच पाहिजे, मामू. माणूस काय खातो, कुठं निजतो, हे त्याच्या बायकोला ठाऊक नको? पण ते मी आज म्हणत नाही. आज नुसते घरी चला. मला या गल्लीत यायचा कंटाळा आला. लोक बघतात.

बदरुद्दीन: लोक बघतात? तुला काय बोललं काय कुणी?

बानू: उठा. हे बोचकं एवढंच ना? शिवणाची कात्री घेतलीत?

बदरुद्दीन: कात्री घेतली. दुसरं काय नाय. काठी दे. नाय, काठी राहू दे, काठीनं लोकांना लगेच कळतं. अशरफ, तू जरा जवळनं चाल, पण हात धरू नको.

अशरफ: हात द्या, मामू.

बदरुद्दीन: बाजारातून जायचंय. आपले लोक असतात जुम्म्याला मासळी घ्यायला.

अशरफ: असू देत. द्या. उंबरा आहे. आता खाली उतरा. हां. डावीकडं मातीचा ढीग आहे, माझ्या बाजूला या.

बदरुद्दीन: कोण आलं समोरनं? कुणीतरी थांबलं. अत्तराचा वास येतोय.

अशरफ: उस्मान आहे. माझ्या ऑफिसातला. सलाम, उस्मान. नाही, जाऊ नकोस, थांब. हे बदरुद्दीन मामू. माझ्या अम्मीचे सख्खे भाऊ. दर्जी आहेत. यांना दिसत नाही आणि मला ते ठाऊक नव्हतं. बानू यांच्यासाठी डबा आणत होती. त्या दिवशी मी तुझ्यापाशी जे बोललो ते घाण होतं, आणि खोटं होतं. तू ते ज्यांना सांगितलं असशील त्यांना हेही जाऊन सांग. माझ्या नावानं सांग. नाही, तुझ्यावर राग नाही. तोंड माझंच उघडलं होतं.

बदरुद्दीन: गेला काय तो?

अशरफ: गेला.

बदरुद्दीन: त्या दिवशी काय बोलला व्हतास तू त्याला?

अशरफ: चला मामू, ऊन लागतंय.

बदरुद्दीन: मी हललो तर ना! डोळे गेलेत, कान शाबूत हायत. बानूबद्दल काय बोललास?

अशरफ: तुमच्या दारातून हात आलेला मी बघितला. डबा घेताना. मला वाटलं... मला वाटलं, तो दुसऱ्या कुणाचा आहे.

बदरुद्दीन: माझा हात? माझ्या या हातावरनं तू तिला...? ते तू बाहेर बोललास?

अशरफ: होय.

बदरुद्दीन: तिला ठाऊक हाय?

अशरफ: होय.

बदरुद्दीन: आणि तरी तिनं आज सांदणं केली! पहाटे उठून तांदूळ वाटला असेल तिनं. तू माफी मागितलीस?

अशरफ: रात्री मागितली. सकाळी मागितली. ती म्हणाली, मामूंना घेऊन येऊ, बाकीचं मला आज विचारू नका. मग विचारलं नाही.

बदरुद्दीन: मी कसम घातली नसती तर हे झालं नसतं. माझी लाज झाकायला मी तिला उघडं पाडलं.

अशरफ: तुम्ही तिला गप्प केलंत. बोललो तर मी.

बदरुद्दीन: आता कुठं हाय ती?

अशरफ: पुढं चाललीय. बोचकं घेऊन. अबाया नाही घातला आज, पदर घेतलाय.

बदरुद्दीन: लांब?

अशरफ: बरीच. मी हाक मारली होती. तिनं मागं बघितलं नाही. आपण जरा भरभर चाललो तर गाठू.

बदरुद्दीन: नको. घाई करू नकोस. तिला आधी घरी पोचू दे.